दुसऱ्या चाचणीची तारीखही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या क्रीडा पानावर गेल्या आठवड्यात तेरा वर्षांखालील फुटबॉल संघासाठी निवडलेल्या मुलांची यादी आली. तीत माझ्या नातवाचं नाव नाही. त्या रागात लिहायला नको, म्हणून मी चार दिवस थांबलो. राग उतरला, पण सांगायचं होतं ते तसंच राहिलं. म्हणून हे पत्र.

मी मध्य रेल्वेत मालगाडीचा गार्ड होतो, २०१८ साली निवृत्त झालो. राहतो अजनीत. तरुणपणी मोतीबागच्या मैदानावर हाफबॅक, म्हणजे मधल्या फळीत, खेळायचो. पुढे नोकरीतून वेळ मिळेल तशी कॉलनीतल्या पोट्ट्यांची टीम पंधरा-सोळा वर्षं सांभाळली. फुटबॉलमधलं मला फार कळतं असा माझा दावा नाही, पण मैदानावर उभं राहून मुलं पाहण्यात आयुष्याचा बराच वेळ गेला आहे.

नातू बारा वर्षांचा आहे. डाव्या पायाचा. उंची साडेचार फूट, तीही सकाळी मोजली तर. जन्म डिसेंबरातला. वयोगट १ जानेवारीपासून मोजतात, त्यामुळे त्याच्या गटात त्याच्याहून अकरा महिन्यांनी मोठी मुलं असतात. आपल्या वयात अकरा महिने म्हणजे काहीच नाही. बाराव्या वर्षी अकरा महिने म्हणजे खांद्याला खांदा लावणारा आणि खांद्याच्या खाली राहणारा, एवढा फरक.

चाचणीला आम्ही सकाळी सहाला पोचलो. फाटकाजवळ भिंतीला टेप चिकटवलेला होता. पोरगा टेपला पाठ लावून उभा राहायचा, एक जण डोक्यावर पट्टी ठेवायचा, दुसरा रजिस्टरमध्ये आकडा लिहायचा. नंतर उंच मुलं एकीकडे, बारकी दुसरीकडे. बारक्यांची पाळी आली तेव्हा नऊ वाजले होते आणि ऊन चढलं होतं. आमच्या पोराला दहा मिनिटं मिळाली. मी मोजत होतो. चेंडू त्याच्याकडे पाच वेळा आला, चार वेळा त्यानं तो आपल्या माणसाला दिला. एकदा तर चेंडू यायच्या आधीच मान वळवून कोण मोकळं आहे ते बघून ठेवलं होतं आणि एका टप्प्यात पलीकडच्या कडेला पाठवला. हे शिकवून येत नाही, आणि येत असेल तर मला शिकवता आलेलं नाही. पाचव्या वेळी एका दांडग्या पोरानं धक्का दिला आणि हा पडला.

निवड करणारे सर वाईट नव्हते. ऐंशी मुलं आणि तीन तास, त्यांनी तरी काय करावं? मला बाजूला घेऊन म्हणाले, "काका, पोट्टा हुशार आहे. पण हाइट नाही ना. एका धक्क्यात उडते. दूध-अंडी द्या, पुढच्या वर्षी पाहू."

परतताना स्कूटरवर तो मागे बसला होता. अजनीच्या पुलावर आल्यावर विचारतो, "आबाजी, उंची कधी वाढते?"

त्या रात्री मी त्याला जी गोष्ट सांगितली ती आपल्या वाचकांनाही सांगावीशी वाटते, कारण हे पत्र फक्त माझ्या नातवाबद्दल नाही.

नोव्हेंबर २००६. मी बल्लारशाला गाडी सोडून रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडीवरच्या माणसांच्या विश्रांतीगृहात होतो. परतीच्या ड्यूटीचा कॉल साडेतीनचा होता. झोप येईना. हॉलमध्ये टीव्ही होता, त्याचा आवाज बंद करून एक ड्रायव्हर पांघरूण घेऊन फुटबॉल बघत होता. मी शेजारी बसलो. स्कॉटलंडचा सेल्टिक विरुद्ध इंग्लंडचा मँचेस्टर युनायटेड, युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगचा सामना, ग्लासगोत, सेल्टिकच्या घरी. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली. बरोबरी चालली होती, गोल नाही. ८१व्या मिनिटाला सेल्टिकला फ्री किक मिळाली, गोलपासून सुमारे तीस यार्डांवर. चेंडूमागे एक सडपातळ जपानी उभा राहिला. पाठीवर २५ नंबर. समोर युनायटेडच्या खेळाडूंची भिंत, भिंतीमागे गोलमध्ये एडविन व्हान डेर सार, म्हणजे त्या काळातल्या सर्वांत उंच आणि निष्णात गोलींपैकी एक. जपान्यानं डाव्या पायानं चेंडू उचलला. चेंडू भिंतीवरून गेला, वळला आणि वरच्या कोपऱ्यात जाऊन बसला. व्हान डेर सारनं झेप घेतली ती नावालाच. आम्ही दोघंही आवाज न करता उठून उभे राहिलो, कारण आतल्या खोलीत माणसं झोपली होती. शेवटच्या मिनिटांत युनायटेडला पेनल्टी मिळाली, ती सेल्टिकच्या गोलीनं, आर्तुर बोरुचनं, अडवली. १-० असा विजय आणि चॅम्पियन्स लीग सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच सेल्टिक शेवटच्या सोळा संघांत. त्यानंतर ड्यूटीला बोलावणारा कॉलबॉय आला आणि आम्ही आपापल्या गाड्यांकडे गेलो. बल्लारशा ते नागपूर, पूर्ण प्रवासात मालगाडीच्या शेवटच्या डब्यात, ब्रेकव्हॅनमध्ये बसून मी तोच चेंडू बघत होतो.

तो खेळाडू म्हणजे शुनसुके नाकामुरा. जन्म २४ जून १९७८, योकोहामा. त्याच्या आदल्याच सप्टेंबरात त्यानं ओल्ड ट्रॅफर्डवर, म्हणजे युनायटेडच्या घरी, तशाच फ्री किकवर गोल केला होता. तो सामना सेल्टिक ३-२ असा हरला होता. नंतर २००७च्या एप्रिलमध्ये किल्मार्नकविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणी त्याच डाव्या पायानं फ्री किक मारून त्यानं लीगचं विजेतेपद पक्कं केलं. त्या वर्षी स्कॉटलंडमधल्या खेळाडूंनी आपल्या मतांनी त्याला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरवलं. ज्या देशात धक्काबुक्कीच्या खेळाचं एवढं कौतुक, तिथं हाडकुळ्या जपानी मिडफिल्डरला मत पडलं, आणि तेही त्याच्या अंगावर धावून जाणाऱ्यांचं. मला ही गोष्ट त्या गोलाइतकीच मोठी वाटते.

पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं.

नाकामुरा लहानपणी योकोहामा मरिनोस या क्लबच्या कुमार संघात होता. हा त्याच्या गावचाच क्लब. पंधराव्या वर्षी त्या वयाच्या मुलांना वरच्या युवा संघात घेतात. त्याला घेतलं नाही. कारण अंगानं लहान. व्यावसायिक फुटबॉलपटू व्हायचा जो सरळ रस्ता होता तो तिथंच बंद झाला. आपल्याकडं असतं तर गोष्ट इथंच संपली असती. बापानं म्हटलं असतं, "झालं ना आता? दहावीचं बघ."

त्याची गोष्ट संपली नाही, कारण जपानमध्ये शाळेचं फुटबॉल आहे. तो कावासाकीतल्या तोको गाकुएन या हायस्कूलमध्ये गेला. तिथं तो वाढला, अंगानंही आणि खेळानंही. पुढं त्याची उंची १७८ सेंटिमीटर झाली, म्हणजे ज्या कारणानं काढलं ते कारणच दोन-तीन वर्षांत उरलं नाही. हायस्कूलमध्ये असल्यापासून तो वही ठेवायचा: सामन्यात काय चुकलं, पुढचं ध्येय काय, ते लिहून काढायचं. शेवटच्या वर्षी त्याची शाळा अखिल जपान हायस्कूल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचली. तो सामना त्यांनी गमावला, जानेवारी १९९७ मध्ये. आणि त्याच वर्षी त्याला करार देऊन मुख्य संघात घेतलं ते कोणी? ज्यांनी काढलं होतं त्याच मरिनोसनं. २००० साली तो जे-लीगचा, म्हणजे जपानच्या व्यावसायिक लीगचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला.

ही हायस्कूल स्पर्धा म्हणजे काय हे आपल्याकडं फारसं माहीत नाही. डिसेंबरअखेर सुरू होते आणि जानेवारीत संपते. देशाचे ४७ प्रांत, प्रत्येकातून एक शाळा, टोकियोतून दोन, अशा ४८ शाळा. शाळेच्या पोरांचा खेळ बघायला हजारो माणसं येतात, टीव्हीवर दाखवतात. आणि ही झाली बाद पद्धतीची स्पर्धा. त्याखेरीज २०११ पासून अठरा वर्षांखालील मुलांची देशभराची साखळी लीग आहे, तिच्यात मोठ्या क्लबांचे युवा संघ आणि शाळांचे संघ एकाच यादीत, एकमेकांविरुद्ध खेळतात. म्हणजे ज्या पोराला क्लबनं काढलं तो पुढच्याच वर्षी शाळेच्या जर्सीत त्याच क्लबपुढं उभा राहू शकतो. किती मोठी गोष्ट आहे ही!

नाकामुरा एकटा नाही. केइसुके होंडा, ज्याचं नाव आजच्या मुलांना जास्त माहीत आहे, त्यालाही गांबा ओसाका या क्लबच्या युवा संघात घेतलं नव्हतं. तो कानाझावाच्या सेइर्यो हायस्कूलमध्ये गेला आणि तिथून वर आला. २०१०च्या विश्वचषकात जपानच्या पहिल्या अकरातली नाकामुराची जागा गेली आणि होंडा संघाचा कणा झाला. नकार मिळालेल्या एका मुलाची जागा नकार मिळालेल्याच दुसऱ्या मुलानं घेतली.

नाकामुराला नकार पुन्हाही मिळाले. २००२ मध्ये विश्वचषक जपानमध्ये होता, दक्षिण कोरियासोबत. प्रशिक्षक फिलिप त्रुसिए यांनी त्याला संघातच घेतलं नाही. दोन वर्षांपूर्वीचा लीगचा सर्वोत्तम खेळाडू आपल्याच देशातला विश्वचषक बाहेरून बघत राहिला. त्या उन्हाळ्यात तो इटलीच्या दक्षिण टोकाला रेजिना या छोट्या क्लबात गेला, तीन वर्षं खेळला. २००४ मध्ये चीनमध्ये झालेला आशिया चषक जपाननं जिंकला तेव्हा स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू तोच होता. सेल्टिकनंतर स्पेनमध्ये एस्पान्योलला गेला, तिथं जमलं नाही, आणि २०१० साली परत मरिनोसला आला. देशासाठी ९८ सामने, २४ गोल.

माझ्या नातवाला यातलं सर्वांत आवडलं ते २०१३. नाकामुरा तेव्हा ३५ वर्षांचा. मरिनोसचा कर्णधार. लीगच्या शेवटच्या दिवशी विजेतेपद हातात होतं. सामना होता कावासाकीला, ज्या शहरात त्याची शाळा होती तिथंच. मरिनोस एका गोलनं हरले आणि चषक हिरोशिमाच्या संघाला गेला. नाकामुरा मैदानावर कोसळून रडला. तरी त्या मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड त्याचीच झाली, दुसऱ्यांदा. जे-लीगमध्ये तोवर हे कोणाला दोनदा मिळालं नव्हतं. मग जुबिलो इवाता, मग योकोहामा एफसी, आणि २०२२ मध्ये वयाच्या ४४व्या वर्षी तो थांबला. नातवानं बोटांवर हिशेब केला आणि म्हणाला, "म्हणजे मला अजून बत्तीस वर्षं आहेत."

जपानचं बाजूला ठेवू, आपल्या महाराष्ट्रातलं एक उदाहरण आहे. अराता इझुमी. जन्म जपानच्या शिमोनोसेकीचा, आई जपानी, वडील गुजराती मूळाचे. जपानमध्ये त्याचं नाव झालं नाही. तो भारतात आला, मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडून खेळला, मग पुणे एफसीत मधल्या फळीत रमला, आणि इतका रमला की जपानचं नागरिकत्व सोडून भारतीय झाला. २०१३ मध्ये भारताकडून खेळला. त्याला दुसरी संधी आपल्या मातीत मिळाली, ती आपल्याच पोरांना मिळू नये का?

नागपूरला फुटबॉल परका नाही. कामठीत आजही पावसाळ्यात चिखलातल्या सामन्याला जी गर्दी जमते ती पाहायला माणसं नागपुराहून जातात. याच शहरात हिस्लॉप कॉलेजचे विजय बारसे सर पावसात तुटकी बादली लाथाडणारी झोपडपट्टीतली मुलं बघून थबकले आणि २००१ पासून त्यांनी त्या मुलांचं फुटबॉल उभं केलं. त्यांनी कोणाची उंची मोजली नाही. पाय कुठं आहे ते पाहिलं.

पण शाळांचं काय? माझ्या नातवाच्या शाळेचा संघ गेल्या पावसाळ्यात आंतरशालेय स्पर्धेत उतरला. पहिला सामना, अर्धा-अर्धा तासही नाही, दोन गोलनं हरले, वर्षाचं फुटबॉल संपलं. बूट धुऊन माळ्यावर ठेवले. एका सामन्यासाठी मुलं तीन महिने पळाली होती. बाद पद्धतीत असंच होणार: जिंकणारी शाळा खेळत राहते आणि ज्यांना खेळण्याची जास्त गरज आहे ती घरी बसतात. दहा शाळांनी ठरवून जुलै ते ऑक्टोबर दर शनिवारी साखळी सामने खेळले, तर प्रत्येक मुलाला नऊ सामने मिळतील. याला स्टेडियम लागत नाही. दोन चुन्याचे पट्टे, एक शिट्टी आणि शाळेचं मैदान शनिवारी लग्नाच्या मंडपाला भाड्यानं न देणारे मुख्याध्यापक, एवढं लागतं.

आता एक गोष्ट लिहिणं मला अवघड जातंय, पण लिहितो. कॉलनीची टीम सांभाळायचो तेव्हा, १९९४च्या सुमाराला, रेल्वेतल्या एका खलाशाचा मुलगा रोज यायचा. बारीक, काटकुळा. चेंडू आणायचा, चेंडूत हवा भरायचा, सगळ्यांच्या आधी येऊन दगड वेचायचा. मी त्याला नेहमी एक्स्ट्रात ठेवलं. चेंडू छान थांबवायचा, मला दिसत होतं. पण समोर मोठी पोरं असायची आणि मला सामना जिंकायचा असायचा. दिवाळीनंतर तो यायचा बंद झाला. मी विचारायलाही गेलो नाही. मागच्या वर्षी अजनी चौकात भेटला, सोबत त्याची दोन मुलं. "गार्डसाहेब, ओळखलं का?" म्हणाला. चांगला उंचपुरा झाला आहे, माझ्याहून उंच. चहा प्यायलो. खेळाचा विषय त्यानं काढला नाही. मलाही काढवला नाही.

म्हणून त्या निवड करणाऱ्या सरांना मी दोष देत नाही. मीही तेच केलं होतं, आणि माझ्याजवळ तर पूर्ण वर्ष होतं.

दांडग्या पोराला घेतलं की या वर्षीचा सामना जिंकता येतो, हे खरं आहे. पण तेराव्या वर्षी जो फक्त ताकदीवर चेंडू घेऊन पळतो, त्याला सतराव्या वर्षी सगळे आपल्याएवढेच भेटतात, आणि तोवर मान वळवून बघायची सवय लागलेली नसते. बारक्या पोराला मात्र ती सवय लावून घ्यावीच लागते. धक्का लागायच्या आत चेंडू सुटला पाहिजे, म्हणून तो आधी बघतो. मधल्या फळीत खेळायला हेच लागतं. नाकामुरा त्याच्या ऐन भरातही वेगवान नव्हता, दांडगा नव्हता. त्याला दुसऱ्यांच्या आधी दिसायचं.

माझं मागणं मोठं नाही. निवड चाचणी वर्षात एकदा होते, ती दोनदा व्हावी. पहिली पावसाळ्याआधी, दुसरी सहा महिन्यांनी. दुसऱ्या चाचणीत आधी नाकारलेल्या मुलांना पहिली पाळी द्यावी, उन्ह चढायच्या आत. रजिस्टरमध्ये उंचीच्या रकान्याशेजारी जन्माचा महिनाही लिहावा, आणि निवडताना तो वाचावा. टेप काढून टाका असं मी म्हणत नाही. पण मुलगा खेळून झाल्यावर मोजा, आधी नको.

आणि आपल्याला एक विनंती. निवड झालेल्या मुलांची नावं आपण छापता, ती घरोघरी कापून ठेवली जातात, हे मला माहीत आहे. आमच्या शेजारच्या मुलाच्या आईनं ती देवघरात ठेवली आहे. पुढच्या वेळी त्याच यादीखाली एक ओळ छापा: ज्यांची निवड झाली नाही त्यांच्यासाठी दुसरी चाचणी अमुक तारखेला, अमुक मैदानावर. तारीख छापून आली तर घेणाऱ्यांना ती घ्यावी लागेल.

नातू सध्या शाळेतून आला की कॉलनीतल्या पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर चेंडू मारतो. भिंतीवर खडूनं त्यानं एक चौकोन काढला आहे, वरच्या कोपऱ्यात. परवापासून त्याच्याजवळ दोनशे पानी वही आहे, तिच्यात रोजचे नेम लिहितो. काल पन्नासपैकी अकरा लागले. तारीख कळली की मी त्याला घेऊन येईन, सकाळी सहाच्या आत.

आपला,
एक निवृत्त रेल्वे गार्ड
अजनी, नागपूर